पदरातली ज्वारी, फोनमधले पैसे

माय, माझं दुकान तू कधी पाहिलंच नाहीस. तू गेलीस तेव्हा मी नांदेडात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते आणि दारात मशीन टाकून शेजारणींचे झंपर शिवत होते. आता तरोड्याकडं माझं स्वतःचं मॅचिंग सेंटर आहे. मॅचिंग सेंटर म्हणजे काय, ते तुला सांगावं लागेल. बायका साडी घेऊन येतात आणि तिला जुळेल असं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल, परकर, पदराच्या गोंड्यांसाठी रेशीम दोरा असलं सगळं मागतात. भिंतभर रंगांचे तागे आहेत. लाल एक म्हणावा तर त्याच्याच डझनभर जाती. बाई साडी घेऊन दाराशी जाते, उजेडात धरते, ताग्याची कड तिच्यावर ठेवून बघते, मान हलवते आणि परत आत येते. चाळीस रुपयांच्या अस्तरासाठी अर्धी दुपार जाते, पण मला त्याचा कंटाळा येत नाही. बाई रंग जुळवते तेव्हा तिच्या तोंडावर घरातला कोणताच ताप दिसत नाही. मला गिऱ्हाइकाचं ते तोंड आवडतं.

तुझं दुकान म्हणजे आपल्या घराची पुढची खोली. उमरीहून एसटीनं यायचं, उतरून चालायचं, मारुतीच्या पारासमोर आपलं दार. साखर, चहापत्ती, साबण, खोबरेल तेल, काड्यापेट्या, सुया, डोकेदुखीच्या गोळ्या. तुझ्या मागं बांबूच्या दोन पाट्या असायच्या, एक ज्वारीची आणि एक बाकी सगळ्याची. कोणी मूग आणायचं, कोणी तीळ, कोणी वेचणीच्या दिवसांत ओच्यात कापूस. गावातल्या निम्म्या बायका पैसे घेऊन यायच्याच नाहीत. पदराची गाठ सोडायची, शेराच्या मापात ज्वारी ओतायची, आणि तू त्या भावानं चहापत्ती पुडीत बांधून द्यायचीस. शाळेतून आले की मला तुझ्याजवळ बसून ती ज्वारी निवडावी लागायची. तिच्यात खडे असायचे, पाखडलेली नसायची, एका घरची पांढरी तर दुसऱ्या घरची काळपट. आबा महिन्याला पोतं पाठीवर घेऊन उमरीच्या मोंढ्यात जायचे आणि आडत्या मूठ भरून बघून म्हणायचा, "ही मिसळ हाय, भाव कमी लागंल." येताना आबांचं तोंड उतरलेलं असायचं. "नगदीवर दुकान कर म्हणतो तर ऐकत न्हाईस. निवडायचा ताप, न्यायचा ताप, किडे लागले तर तोटा. ह्यात उरतं काय?" तू म्हणायचीस, "उरतं तेवढं उरतं," आणि चुलीकडं वळायचीस.

हे सगळं मी विसरून गेले होते असं म्हणणार नाही, पण त्याचा माझ्या दुकानाशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ते आठवायला कारण झाली तुझी नात. ती लातूरला एका सीएच्या ऑफिसात काम करते. गेल्या वर्षी सुट्टीत आली तेव्हा चार दिवस माझ्याबरोबर दुकानात बसली आणि सगळं बघत राहिली. त्या दिवसांत माझ्याकडं तिन्ही प्रकार चालायचे. नगद चालायचं, कार्डाचं मशीन होतं, आणि काउंटरवर तो चौकोनी ठिपक्यांचा स्कॅनर. गिऱ्हाईक त्याच्यावर फोन धरतं, पैसे बँकेत जातात आणि बाजूची डबी मोठ्यानं बोलते, अमुक इतके रुपये प्राप्त झाले. तुला ती डबी दाखवायला पाहिजे होती. तू नक्की विचारलं असतंस, हिच्या आत कोण बसलंय?

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवलं. "आई, कार्डाच्या मशीनचं भाडं भरतेस, वर दर वेळेला शंभरामागं काहीतरी कापून घेतात. आणि तुझ्याकडं कार्ड वापरणारी बाई महिन्यातून कितीदा येते? लग्नाची खरेदी असली तर. मशीन परत दे."

"बरं," मी म्हणाले. "आणि नगद तर फुकटच हाय."

"फुकट कुठलं? सकाळी चिल्लरसाठी तू पानपट्टीपर्यंत चालत जातेस, तोवर दुकान बंद. फाटक्या नोटा बदलायला बँकेत रांग. भरणा करायला पुन्हा रांग. मागच्या महिन्यात ती पाचशेची खोटी नोट आली, ती कोणी भरून दिली? गल्ला मोजताना पप्पांची आणि तुझी भांडणं होतात ती वेगळीच. हे सगळं खर्चातच धरायचं असतं. स्कॅनरला काय लागतं? डबीचं थोडंसं भाडं, बस."

हे, म्हणजे तुझे जावई, तिकडून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली." सिंचनाच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून दुकानाचा हिशेब तेच बघतात आणि चिल्लरला माझ्याहून जास्त बेजार झालेले. मलाही ते पटलं. खोट्या नोटेचं दुःख तर फार ताजं होतं. ती नोट देणारी बाई मला आठवतही नव्हती, आणि त्यानंतर काही दिवस मी प्रत्येक नोट उजेडात धरून बघायचे, समोरच्या बाईला अपमान झाल्यासारखं वाटायचं. म्हणून मशीन परत गेलं. लेकीनं सुबक अक्षरांत पाटी करून लावली, सुट्ट्या पैशांच्या अडचणीमुळे कृपया स्कॅन करूनच पैसे द्यावेत. आणि खरं सांगते माय, लई हलकं वाटलं. संध्याकाळी शटर ओढायचं आणि घरी जायचं. हाताला नोटांचा वास नाही, काही नाही.

माझ्याकडं एक बाई नेमानं यायची. मागच्या कॉलनीत राहणारी, चाळिशीच्या अलीकडची, नीटनेटकी, बोलायला हळू. तिचा नवरा एका कंपनीत मोठ्या पगारावर. ती नेहमी थोडंसंच घ्यायची, रेशीम दोऱ्याच्या लड्या, बारीक मणी, कधी जरीचा दोरा. पाटी लागल्यावर ती एकदा आली. सगळे दोरे निवडले, पोपटी, मोरपंखी, राणी रंग, आणि पर्समधून घड्या घातलेल्या नोटा काढल्या. मी पाटीकडं बोट केलं. तिनं पाटी वाचली, नोटांकडं बघितलं.

"फोन न्हाई आणला का?" मी विचारलं.

"फोन हाय, काकू," ती म्हणाली. मग एकेक लडी जिथून उचलली तिथं परत ठेवली, रंगांचा क्रम न चुकवता. "येते नंतर."

ती नंतर आलीच नाही. मला वाटलं, दुसरं दुकान धरलं असेल. गिऱ्हाईक जातं, येतं, त्याचं काय. पण रेशमाच्या खणाकडं हात गेला की ते दोरे परत ठेवणारे हात डोळ्यांपुढं यायचे. एवढ्याशा गोष्टीनं मी बेचैन का होते, ते मला कळत नव्हतं.

पुढं जे झालं त्यात तिचा काही संबंध नव्हता. लग्नसराईच्या तोंडावर मी लातूरच्या व्यापाऱ्याला मालाचे पैसे पाठवायला गेले तर पैसे जाईनात. हे बँकेत गेले. तिथं सांगितलं, तुमचं खातं रोखलंय. कोणीतरी परराज्यात एका माणसाला फोनवरून फसवलं, ते पैसे चार हातांतून फिरत फिरत कोणाच्या तरी खात्यात आले, आणि त्यानं की तिनं आपल्या दुकानातून काहीतरी घेतलं. तिकडच्या पोलिसांनी त्या पैशाच्या वाटेत आलेली सगळी खाती बंद करायला लावली, त्यात आपलंही एक. आम्ही काय विकलं, कोणाला विकलं, कसं सांगणार? माझ्याकडं येणारी बाई अस्तर मागते, तिचे पैसे कुठून आले ते मी कसं विचारू? ह्यांनी तिथंच खुर्ची धरली. उभी हयात एक पैसा इकडचा तिकडं न केलेला माणूस, त्यांना वाटायला लागलं की बँकेतले सगळे आपल्याकडं चोर म्हणून बघून राहिले.

आणि डबी बोलतच होती. गिऱ्हाईक येतं, फोन धरतं, डबी आनंदानं ओरडते, प्राप्त झाले. पैसे बँकेत आत जात होते, पण बाहेर काढायला बंदी. माल संपत आला. व्यापारी भला माणूस, पण त्याचाही फोन दोन दिवसांनी यायला लागला. "भाभी, सीझन आहे, मलाही वर द्यावं लागतं." लेक लातूरहून आली, अर्ज केले, बिलं जोडली, तिकडच्या पोलिसांना मेल पाठवले, फोनवर हिंदीत, इंग्रजीत तासन्तास बोलली. एकदा फोन ठेवून ती म्हणाली, "आई, मी हा खर्च धरलाच नव्हता." मी तिला चहा करून दिला. ती रडली नाही, पण चहा हातातच गार झाला.

त्याच दिवशी मी पाटी काढली. ह्यांनी चिल्लरसाठी पुन्हा पानपट्टीची वाट धरली. मी गिऱ्हाइकांना सांगायला लागले, नगद असेल तर नगद द्या. काही बायका कुरकुरल्या, आता आम्ही नोटा कुठून आणायच्या? पण आठवडाभरातच माझ्या लक्षात आलं, की काही जुनी तोंडं परत दिसायला लागलीत. घरकाम करणारी एक, जिच्याकडं साधा बटनांचा फोन. कॉलेजातल्या दोन पोरी. एक सत्तरीची आजी, जी पाटीच्या दिवसांत फोनवाल्या नातवाला घेऊन यायची आणि त्याच्यासमोर परकराचं माप सांगायला लाजायची. आणि एका दुपारी ती बाई आली. दारात थांबून आधी भिंतीकडं बघितलं, पाटीची चौकट तिथं धुळीनं उरली होती, मग आत आली.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"भांडेवालीनं. म्हणली, काकू नोटा घेऊन राहिल्यात आता."

तिनं तेच रंग निवडले. पैसे देताना मी म्हटलं, "एवढे दिवस दुसरीकडून नेलं असंल."

"न्हाई काकू. नेलंच न्हाई."

दुकानात तिसरं कोणी नव्हतं. मी स्टूल पुढं केलं. ती बसली आणि बोलायला लागली. ती घरच्या घरी साड्यांच्या पदराला गोंडे करून देते. शेजारच्या, ओळखीच्या बायकांच्या साड्या, नवरा कामाला गेल्यावर. त्या तिला नगद देतात. बँकेचं खातं तिच्या नावाचं आहे, पण त्याला फोन नंबर नवऱ्याचा जोडलेला. तिच्या फोनवरून दहा रुपये गेले तरी संदेश त्याच्या फोनवर वाजतो. "मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत," ती घाईनं म्हणाली, मी तसं काही विचारलं नसताना. "फक्त संध्याकाळी जेवताना विचारतात. हे कशाचे? ते कशाचे? चाळीसचं काय घेतलंस? मग पुढच्या घासाला गिळवत न्हाई. गोंड्यांचं कळलं तर म्हणतील, माझ्या पगारात काय कमी पडलं? तेही खरंच हाय. कमी काहीच न्हाई. पण मला ते माझे वाटतात, काकू. हे एवढेच."

माय, तेव्हा मला तुझी ज्वारीची पाटी दिसली.

वेशीजवळच्या घरातली ती धाकटी सून तुला आठवते ना? ती विहिरीवरून येताना दुकानाशी थांबायची, पदरातली ज्वारी मापात ओतायची आणि काहीच घ्यायची नाही. म्हणायची, "राहू द्या मामी, तुमच्यापाशीच." तू मान हलवायचीस. मला वाटायचं, ती येडी आहे. मग एक दिवस ती आली तशी तू डब्यातून नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्यास. तिची माय इस्लापूरकडं, अंथरुणाला खिळलेली, आणि वेचणी सोडून सुनेला माहेरी पाठवायला सासरचे तयार नव्हते. ती सकाळच्या एसटीनं गेली. दुपारी तिची सासू आपल्या दारात. मागं भावकीतल्या बायका, पारावर माणसं गोळा झालेली. मी आतल्या दारामागं उभी राहून फटीतून बघून राहिले.

"माझ्या सुनंला चोरी शिकवतीस व्हय गं?"

तू साखर जोखत होतीस. ताजवा खाली ठेवलास. "बसा आक्का. पाणी घ्या."

"पाणी नगं तुझं. माझी ज्वारी कुठाय?"

"ती काय, पाटीत. सगळ्यांचीच हाय तिथं. तुमची कोणती ते मला वळखू येत न्हाई. तुमाला येत असंल तर निवडून न्या."

पारावर कोणीतरी हसलं आणि म्हातारीचा पारा आणखी चढला. ती लई बोलली, आपल्या घराचं, आबांचं, सगळं काढलं. तू ऐकून घेतलंस. शेवटी एवढंच म्हणालीस, "पेरायला ती व्हती, खुरपायला ती व्हती, काढायला ती व्हती. तिनं मूठभर उचलली तर तिला चोर म्हणायला माझी जीभ वळत न्हाई, आक्का."

त्या भावकीतली सगळी घरं आपल्या दुकानातून तुटली. दिवाळीला तुझ्या दुकानात साखरेचं पोतं अर्धं शिल्लक राहिलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आबा रात्री जेवायला बसले. म्हणाले, "आता तरी नगदीवर कर. ज्याच्याकडं नगद हाय त्यानं यावं." तू त्यांच्या ताटात भाकर वाढत म्हणालीस, "नगद कोणाच्या हातात असती? बाप्याच्या. मग बायांनी यावंच न्हाई का?" आबांनी वर बघितलं. मग खाली बघून भाकर मोडली. त्यानंतर पोतं उचलताना ते कण्हायचे, पण बंद कर म्हणाले नाहीत.

तुला माझ्यासारखं खर्चाचं गणित कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. पण पैसे घ्यायच्या प्रत्येक तऱ्हेला काहीतरी किंमत पडते, हे तुला ठाऊक असणार. निवडायचा वेळ, आडत्याचा कमी भाव, किडे, आणि वर भावकीचं तोंड. तरी तू ती ज्वारीची पाटी दुकानातून काढली नाहीस. मी मात्र त्या पाटीशेजारी बसून वाढले तरी ती कशासाठी होती ते कधी बघितलं नव्हतं. दुकान चालवायचं म्हणजे आपला ताप कमी करायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपला ताप कमी झाला की तो कोणाच्या तरी पदरात पडतो, हे ती बाई स्टुलावर बसल्यावर मला कळलं.

त्या दिवसापासून मी तिला काम द्यायला लागले. माझ्या गिऱ्हाइकांना गोंडे करून पाहिजे असतात. साडी मी घेते, ती दुपारी येऊन नेते, दोन दिवसांनी आणून देते. तिच्या हातात कला आहे माय. मोराच्या पिसासारखे गोंडे करते, गाठ कुठंच दिसत नाही. पैसे मी तिला नगद देते. लेक फोनवर कुरकुरते, "आई, ह्याची नोंद कशी करायची?" मी म्हणते, शिलाई खर्च लिही, खरंच आहे ते.

पावसाळ्याच्या आधी तिचा नवरा आला. उंच, इस्त्रीचा शर्ट, आवाज सभ्य. मला वाटलं बहिणीच्या लग्नाचं काहीतरी घ्यायला आलाय. त्यानं बायकोचं नाव सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, ती तुमच्याकडं येते ना? साधारण किती रुपयांचं सामान नेते महिन्याला?"

"गिऱ्हाइकाचं मी दुसऱ्याला सांगत न्हाई," मी म्हणाले.

"मी दुसरा न्हाई. मिस्टर आहे तिचा."

"बरोबर हाय. पण गिऱ्हाईक त्या आहेत."

तो हसला. "तुमचा गैरसमज होऊन राहिला. माझा काही आक्षेप न्हाई. फक्त तिच्याकडनं नगद घेऊ नका, स्कॅन करायला सांगा. म्हणजे सगळं ट्रान्सपरंट राहतं. आजकाल सगळे तसंच करतात." मग इकडं तिकडं ताग्यांकडं बघत म्हणाला, "आमच्या कॉलनीचा मी सेक्रेटरी आहे. तिथल्या बऱ्याच लेडीज तुमच्याकडं येतात, न्हाई का?"

ओरडणं नाही, पारावर माणसं नाहीत, मागं भावकी नाही. तरी मला वाटलं, मी पुन्हा आतल्या दारामागंच उभी आहे. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. दहा वाक्यं सुचली ती सगळी तो गेल्यावर. तेव्हा मी फक्त म्हणाले, "सरकारची नोट आहे साहेब. कोणी दिली तर मी घेणार." आणि मीटर हातात घेऊन, कोणी मागितलेलं नसताना, पांढऱ्या अस्तराचं कापड मोजायला लागले. तो निघून गेला.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "कॉलनीचं गिऱ्हाईक तुटलं तर?" मी म्हटलं, तुटू द्या. त्यांनी गल्ला उघडून आतली नाणी बघितली. मग म्हणाले, "उद्या चिल्लर जास्तीची आणून ठेवतो."

काही तुटलं. त्या कॉलनीतल्या भिशीच्या बायका दरवर्षी एकसारखे ब्लाउज शिवतात, त्यांचं कापड यंदा माझ्याकडून गेलं नाही. काही बायका मात्र तशाच येत राहिल्या, आणि एकदोघी पहिल्यापेक्षा जास्त. त्यांना काय कळलं होतं, कोणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. खातं दोन-अडीच महिन्यांनी सुटलं. ज्या रकमेचं भांडण होतं तेवढी अजून अडकलेलीच आहे. ती मिळेल असं लेक म्हणते. मी तिची वाट बघणं सोडलंय.

त्या बाईचा नवरा येऊन गेल्यावर मला आणखी एक आठवलं. वेशीजवळची ती म्हातारी, त्या धाकट्या सुनेची सासू. मी तेव्हा उमरीला हायस्कुलात होते, सुट्टीत घरी आले होते. टळटळीत दुपार, पारावर कुत्रंही नाही. आणि ती आली. म्हातारा मरून गेला होता, घर लेकाच्या हातात गेलं होतं, आणि तिला तंबाखूलाही त्याच्याकडं हात पसरावा लागत होता. तिनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर तीळ होते. तीळ जोखलेस, तंबाखूची पुडी बांधलीस, वरून थोडी चहापत्ती घातलीस. ती गेल्यावर मी म्हणाले, "माय, हीच ना ती?" तू म्हणालीस, "ऊन लई हाय. तिला चप्पल न्हाई, बघितलंस का?" मला तेव्हा तुझा राग आला होता. मला वाटलं होतं, तू तिला एक तरी शब्द सुनवायला पाहिजे होतास.

मागच्या आठवड्यात ती गोंडेवाली आली तेव्हा लेक दुकानात होती. दोघी काउंटरच्या कोपऱ्यात डोकं एकत्र करून बसल्या. लेकीनंच तिला पोस्टात नवीन खातं काढायला लावलं होतं. नंबर तिचा स्वतःचा, फोनही तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेला, हलकाच आहे. नवऱ्याला सांगितलं का, मी विचारलं. "सांगितलं," ती म्हणाली. "दोन दिवस बोलले न्हाईत. आता बोलतात." मग तिनं दोऱ्याच्या लड्या निवडल्या, फोन स्कॅनरवर धरला, आकडे दाबले. डबी मोठ्यानं बोलली. ती दचकली, एकदम मागं वळून दाराकडं बघितलं. दारात कोणीच नव्हतं. लेक हसली, मीही हसले, आणि मग तिला एवढं हसू आलं की तोंडावर पदर धरून ती स्टुलावर बसलीच. जाताना म्हणाली, "काकू, तरी मी अधूनमधून नोटा आणत जाईन हां. सवय झालीय." मी म्हटलं, आणा की.

तर असं चाललंय माझं. गल्ल्यात नोटा आहेत, काउंटरवर स्कॅनर आहे, संध्याकाळी हे चिल्लर मोजतात आणि चुकतात. दुकानात ताप आहे आणि मला तो मान्य आहे.

हे सगळं मी कागदावर लिहून राहिले खरी, पण तुला तर अक्षर वाचता यायचं नाही. मामाची पत्रं यायची ती मीच तुझ्यापुढं बसून वाचायचे आणि तू चुलीत बघत ऐकायचीस. तू असतीस तरी हे पत्र मी तुला पाठवलं नसतं माय. ते वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं, आणि तुझी आठवण येते एवढं मोठ्यानं म्हणायला आपल्या घरात कोणालाच कधी जमलं नाही. मलाही जमलं नसतं. मी ती ओळ गाळून पुढचं वाचलं असतं.